चांदीचा खिळा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारच्या सत्संगातून



परवा आपल्या बडोद्याच्या केंद्रातले एक आजोबा भेटायला आले. मुलाकडे इंग्लंडला तीन आठवडे राहून आलेले, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, "महाराज, नातवंडांवर संस्कारच उरले नाहीत. संध्याकाळी दिवा नाही, शुभंकरोति नाही. मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. सूनबाईंना चार शब्द बोललो, तर दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. आता परत जायचं मन नाही."

मी विचारलं, "एक तरी दिवस सुखाचा गेला का?"

जरा थांबून म्हणाले, "एक गेला. जहाज बघायला गेलो होतो तो."

मंडळी, हे जहाज ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं युद्धजहाज आजही पाण्यावर उभं आहे. आता ते संग्रहालय आहे, पोरंबाळं आत उतरून तोफा बघतात. आणि हे जहाज बांधलं कुठे? आपल्या मुंबईच्या गोदीत! युद्धांमुळे इंग्लंडात ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं, म्हणून मलबारचा साग वापरून १८१७ साली ते मुंबईत तयार झालं. बांधणारे होते वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी. काम सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यांनी जहाजाच्या तळाच्या कण्यात एक चांदीचा खिळा ठोकला. जहाजाचं कल्याण व्हावं म्हणून.

आजोबांनी ही गोष्ट आठ वर्षांच्या नातवाला सांगितली. त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, खिळा दिसतो का?" आजोबा म्हणाले, "नाही रे." "मग कशाला मारला?" आजोबांना उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न घेऊनच ते इथवर आले होते.

अहो, पोरानं किती खोल विचारलं बघा! खिळ्यानं जहाज तरंगत नाही. ते तरंगतं चांगल्या लाकडानं आणि कारागिराच्या हातानं. पण जे कुणाला कधी दिसणार नाही, तेही जो मनापासून करतो, तो दिसणारी फळी कच्ची ठेवील का? आपलं नाम तसंच असतं. माळ किती मोठी ओढली हे लोकांना दिसतं. आत काय ठोकलंय, ते सद्गुरूंना ठाऊक. आणि त्याची खूण बाहेर एकच दिसते, आपण माणसांशी कसं वागतो ती.

आता दुसरी गोष्ट. या जहाजाचं पुढे नाव बदललं, काम बदललं. युद्ध सोडून मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारं जहाज झालं. १९८७ साली हार्टलपूलला आणलं तेव्हा ते पार थकलेलं होतं. १९९० मध्ये दुरुस्ती सुरू झाली, ती चालली २००१ पर्यंत. १९९२ मध्ये मूळ नावही परत मिळालं. त्या कारागिरांनी काय केलं? कुजलेली फळी काढली, धड असलेली जपली. म्हणून आजही निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच आहे, मुंबईत बसवलेलं.

मी आजोबांना म्हटलं, "तुम्ही तीन आठवडे फक्त कुजक्या फळ्या मोजल्यात. आता धड फळ्या मोजा."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "जहाजाचा जिना फार उभा होता. पोरगा स्वतःहून पुढे उतरला आणि खालून माझा हात धरून म्हणाला, 'हळू या.' ... मराठीत म्हणाला, महाराज." आणि त्यांचे डोळे भरले.

हा हात धरायला कुणी शिकवलं? ज्या सुनेला चार शब्द ऐकवले, तिनंच ना!

आजोबांनी माझ्यासमोरच सूनबाईंना फोन लावला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. पुढचं त्या दोघांतलं.

तर या आठवड्याची साधना अशी. घरातल्या ज्या माणसाची तुम्ही तक्रार करता, त्याची एक धड फळी रोज शोधायची आणि ती त्याला सांगायची. पोरं लांब असतील तर संध्याकाळी फोनवर एकदा नाम घ्यायचं. त्यांनी घेतलं तर आनंद, नाही घेतलं तर आपण घ्यायचं. रागवायचं नाही. खिळा ठोकताना आवाज होतो खरा, पण तो घाव रागाचा नसतो.

सद्गुरू सर्वांची नौका पैलतीरी नेवोत. जय गुरुदेव 🙏