कृपाण आणि अभय: विमानप्रवासातील एका सवलतीचा विचार

विमानाच्या प्रवासी कक्षात चाकू, घडीचा चाकू किंवा पाते असलेले कोणतेही हत्यार जवळ ठेवता येत नाही, हा भारतातील सर्वसाधारण नियम असून अशी वस्तू सामानाच्या कोठारात जाणाऱ्या बॅगेत ठेवावी लागते किंवा तपासणीच्या जागीच सोडून द्यावी लागते. या नियमाला एकच ठळक अपवाद आहे, आणि तो एका धर्माच्या अनुयायांसाठी केलेला आहे: देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशाला ठरावीक मापाची कृपाण अंगावर धारण करता येते. ज्या पात्याची भीती वाटते म्हणून ते सर्वांकडून काढून घेतले जाते, तेच पाते एका व्यक्तीजवळ श्रद्धेपोटी राहू द्यावे काय, हा प्रश्न सुरक्षेच्या यंत्रणेपुढे आलेला असला तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. नागपूर, वर्धा आणि यवतमाळकडून येणारा महामार्ग आर्णी ओलांडून महागावातून जातो आणि उमरखेड, हदगाव, अर्धापूर या वाटेने नांदेडला पोहोचतो, त्यामुळे विदर्भातून तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला निघालेले शीख यात्रेकरू याच वाटेने जातात. तख्त म्हणजे शीख पंथाच्या सर्वोच्च धार्मिक अधिकाराचे आसन. अशी पाच तख्ते मानली जातात आणि त्यांपैकी महाराष्ट्रात असलेले हे एकच. 1708 मध्ये दहावे गुरु गोविंदसिंग यांनी देह ठेवला तो नांदेडला, आणि गुरुपद ग्रंथाकडे सोपवले गेले तेही येथेच. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने 1832 ते 1837 या काळात उभी राहिली. गुरूंची मानली जाणारी शस्त्रे तेथे पूज्य म्हणून जतन केलेली आहेत, आणि शहराच्या विमानतळालाही गुरु गोविंदसिंगांचेच नाव आहे. नव्या काळाची सुरक्षा-तपासणी आणि शस्त्राला पूज्य मानणारी परंपरा यांची गाठ त्या विमानतळाच्या दारात पडते.

कृपाण म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. 1699 च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली. अमृत घेऊन या पंथात दीक्षित झालेल्या, म्हणजे अमृतधारी, शिखाला केस, कंघा, कडा, कच्छेरा आणि कृपाण हे पाच ककार सदैव अंगावर धारण करावे लागतात. यातील कृपाण हे दुर्बलांच्या रक्षणाचे आणि अन्यायाला विरोध करण्याच्या जबाबदारीचे चिन्ह मानले जाते. औरंगजेबाला उद्देशून लिहिलेल्या जफरनाम्यात गुरु गोविंदसिंगांनी, इतर सर्व उपाय संपल्यावरच शस्त्राला हात घालणे योग्य ठरते, अशी भूमिका मांडली. शस्त्र बाळगण्याची आज्ञा आणि ते चालवण्यावरचा निर्बंध या दोन्ही गोष्टी म्हणून एकाच परंपरेत एकत्र नांदतात, आणि कृपाण धारण करणारा माणूस दोन्हींनी बांधलेला असतो.

भारतीय राज्यघटनेने ही बाब स्पष्ट शब्दांत स्वीकारली आहे. धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद 25 च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात समाविष्ट मानले जाते. मात्र हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. या चौकटीत राहून नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने मार्च 2022 मध्ये आदेश काढला आणि देशांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशाच्या कृपाणीचे पाते 6 इंचांपेक्षा, म्हणजे 15.24 सेंटिमीटरपेक्षा, तर मुठीसह एकूण लांबी 9 इंचांपेक्षा, म्हणजे 22.86 सेंटिमीटरपेक्षा, अधिक नसावी अशी मर्यादा घातली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ही सवलत नाही. तिला आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये फेटाळली. कायद्याच्या अंगाने उत्तर मिळाले, तरी तात्त्विक आक्षेप शिल्लक राहतो आणि त्याची दखल घ्यावीच लागते.

तो आक्षेप समतेचा आहे. महागावचा शेतकरी नांदेडहून किंवा नागपूरहून विमानाने निघाला आणि त्याच्या पिशवीत घडीचा चाकू निघाला, तर तो काढून घेतला जातो. त्याचे पाते दोन इंचांचे असते, आणि शेजारच्या रांगेतील प्रवाशाच्या कृपाणीचे सहा इंचांचे. शिवाय त्या शेतकऱ्याच्या घरातही हत्यारांविषयी पूज्यभाव असतोच, कारण खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, विळा, कोयता, खुरपे आणि कारागिराची अवजारे यांची पूजा करण्याची परंपरा महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. मग एकाच्या पूज्य वस्तूला प्रवेश मिळावा आणि दुसऱ्याच्या पूज्य वस्तूला मिळू नये, हे कोणत्या न्यायाने?

या आक्षेपाचे उत्तर पूजा आणि व्रत यांतील भेदात आहे. खंडेनवमीची पूजा अवजाराविषयीची कृतज्ञता व्यक्त करते. पूजा झाल्यावर अवजार घरी ठेवून माणूस गावाला गेला तर त्याच्या धर्माचरणात उणेपणा येत नाही, कारण ते सतत अंगावर असावे अशी अपेक्षा पूजेत कधीच नव्हती. व्रत मात्र माणसाच्या देहाला आणि दिनक्रमाला अखंड बांधून घेते. त्याला स्थळ-काळाचा अपवाद नसतो, आणि ते मोडले तर आपण स्वतःला दिलेला शब्द मोडला असे व्रतस्थाला वाटते. शेतकऱ्याचा चाकू बॅगेत गेल्याने त्याची गैरसोय होते. अमृतधारी शिखाची कृपाण काढून घेतल्याने त्याने मानलेल्या जीवनक्रमात खंड पडतो. दोन वेगळ्या हानींना एकाच मापाने मोजणे ही समता ठरत नाही, म्हणून पात्याच्या लांबीसोबत ते काढून घेतल्याने माणसाचे काय हिरावले जाते, हेही राज्यसंस्थेने पाहणे उचित ठरते.

तथापि व्रताची सच्चाई एवढ्या एकाच आधारावर हा अपवाद उभा राहू शकत नाही, कारण विमानाच्या बंद कक्षात व्रतस्थासोबत इतरांचेही प्राण असतात. 29 सप्टेंबर 1981 रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान कृपाणधारी अपहरणकर्त्यांनी लाहोरला नेले होते, आणि हा इतिहास झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अर्थात काहींनी केलेल्या अपहरणाचा दोष संपूर्ण पंथावर लादणे अन्यायाचे आहे. पण बाह्य चिन्हावरून अंतःकरणाची खात्री पटत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले. कॅनडामध्ये ही अडचण अधिक नेमकेपणाने मांडली गेली. तेथील मानवाधिकार न्यायाधिकरणाने 1999 मध्ये विमानातील कृपाणीबाबत प्रवाशाच्या विरुद्ध निर्णय दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये शाळेत कृपाण धारण करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू मान्य केली. शाळेत माणसे रोज भेटतात, एकमेकांना ओळखू लागतात आणि विश्वासाला वाढायला अवधी मिळतो. विमानात मात्र अनोळखी माणसे काही तासांसाठी एकत्र बसतात, त्यामुळे तेथे हा अवधी मिळत नाही.

पुढे कॅनडाने नोव्हेंबर 2017 पासून, अमेरिकेला जाणारी उड्डाणे वगळून, 6 सेंटिमीटरपर्यंतची पाती विमानात नेण्याची मुभा दिली. तेथे धर्माचा प्रश्नच विचारला जात नाही. लहान कृपाण आणि लहान घडीचा चाकू एकाच नियमाने आत जातात. भारताने याउलट इतर सर्व पाती वर्ज्य ठरवून एका व्रताला स्वतंत्र मान्यता दिली. पहिल्या मार्गात राज्यसंस्था तटस्थ राहते, पण व्रताचे वेगळेपण तिच्या दृष्टीस पडत नाही. दुसऱ्या मार्गात ती व्रत ओळखते, पण ते कोणाचे मानायचे हे ठरवण्याची जोखीम पत्करते. जिथे अनेक धर्म आपापल्या आचारांसह सार्वजनिक जीवनात दिसत राहतात, त्या भारतीय समाजाला दुसरा मार्ग अधिक साजेसा आहे, मात्र त्यासाठी व्रतस्थ आणि सहप्रवासी या दोघांनाही मान्य होईल असे एखादे तत्त्व हाती असावे लागते.

ते तत्त्व अभय हे आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना अभयाला पहिले स्थान दिलेले आहे. शीख परंपरेत नववे गुरु तेगबहादूर यांच्या शिकवणीत निर्भयतेला दुसरी बाजूही आहे: स्वतः न भिणे जितके आवश्यक, तितकेच दुसऱ्याला भय न देणेही आवश्यक. 1675 मध्ये दिल्लीत त्यांना देहदंड झाला, तेव्हा त्यांच्या देहावर स्वतःच्या घरात अंत्यसंस्कार करणारा लखी शाह बंजारा होता, अशी परंपरा सांगते. महागाव आणि पुसद परिसरातील बंजारा तांड्यांना ही स्मृती आपलीशी वाटावी अशीच आहे. या दुहेरी अभयाच्या कसोटीवर पाहिले, तर कृपाणधारी प्रवाशाला व्रत सोडण्याची भीती नसावी आणि त्याच्या शेजाऱ्याला पात्याची भीती नसावी, अशी व्यवस्था न्याय्य ठरते.

मापाची मर्यादा हीच अशा व्यवस्थेची वाट दाखवते. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने संमत केलेल्या शीख रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, कृपाणीची लांबी ठरवून दिलेली नाही. धर्माने जे मोकळे ठेवले आहे तेथे राज्यसंस्थेने मर्यादा घातली, तर व्रताच्या गाभ्याला धक्का लागत नाही. सहप्रवाशांच्या मनःशांतीसाठी लहान कृपाण स्वीकारणारा शीख आपल्या गुरूंच्या शिकवणीपासून ढळत नाही, उलट भय न देण्याचा तिचा अर्धा भाग आचरणात आणतो. जिथे कोणतेही पाते चालत नाही, त्या आंतरराष्ट्रीय उड्डाणात प्रश्न कठीणच राहतो, आणि तो कठीण आहे हे मान्य करणे हीच त्या प्रवाशाविषयीची किमान आस्था होय.

राज्यसंस्थेच्या वाट्याला येणारे कर्तव्यही याच कसोटीतून निघते. तपासणी करणाऱ्याने कृपाण मोजावी, पण धारण करणाऱ्याचा अवमान करू नये. मार्च 2022 च्या आदेशात आधी शीख विमानतळ-कर्मचाऱ्यांना कृपाण वर्ज्य ठरवली गेली आणि काही दिवसांतच ती अट मागे घेतली गेली. कर्मचाऱ्यांविषयीचा हा वाद त्यानंतरही उठत राहिला, त्यावरून असे निर्णय संबंधितांशी बोलून घेणे किती आवश्यक आहे हे दिसते. ज्यांना सवलत नाही त्यांच्याविषयीही कर्तव्य उरतेच. प्रथमच विमानात बसणाऱ्या शेतकऱ्याला कोणती वस्तू कोणत्या बॅगेत ठेवायची हे घरून निघण्यापूर्वीच स्वच्छ मराठीत कळले, तर त्याचा चाकू फेकून द्यावा लागणार नाही आणि दुसऱ्याच्या कृपाणीकडे पाहून आपल्यावर अन्याय झाला असेही त्याला वाटणार नाही. एकाच्या व्रताचा मान राखताना दुसऱ्याला कारण समजावून सांगणे हाही त्या व्रताच्या रक्षणाचाच भाग आहे, कारण कारण न सांगता दिलेली सवलत लोकांच्या मनात फार काळ टिकत नाही.