पटाशी लागली

आपल्या भाषेत जखमेला कर्ता नसतो. ‘विळी लागली’, ‘सुरी लागली’, ‘पत्रा लागला’ असे आपण सहज म्हणून जातो. जणू विळी आपण होऊन उठली आणि बोटाशी येऊन भिडली! दिवाळीच्या आठवड्यात घरोघर नारळ खवले जातात, तेव्हा हे वाक्य एकदा तरी कानी पडते. मग हळद येते, चिंधी येते, आणि कुणी कुणाला दोष देत नाही. घर चालायला अशी वाक्ये लागतातच. पण असेच एक वाक्य मी एकदा कागदावर लिहून त्याखाली सही केली आहे, आणि ते अजून माझा पिच्छा सोडत नाही.

‘लाकूडकामाच्या तासाला पटाशी लागून विद्यार्थ्याच्या डाव्या हातास दुखापत झाली.’

मी मराठी शिकवणारा माणूस. शाळेत लाकूडकामाचा तास होता आणि तो घ्यायला कुणी नव्हते, म्हणून तो माझ्याकडे आला. पेटीत सहा पटाश्या, दोन रंधे, एक करवत, हातोडे आणि एक गुण्या एवढी सामग्री होती. पटाश्या नव्या होत्या. त्यांची ती चकाकती कड पाहून माझ्या पोटात गोळा आला. चाळीस पोरे, सहा पाती आणि डोळे माझे दोनच! शेवटी एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, मी सहाही पटाश्या अंगणातल्या दगडावर उभ्या धरून घासल्या. त्यांची धार मारली. घरी परतताना मला फार हलके वाटले होते. आपण मुलांवर दया केली, असेच तेव्हा वाटले.

पुढच्याच आठवड्यात सातवीतला एक मुलगा सागाच्या तुकड्यात खाच पाडत होता. पटाशी लाकडात शिरेना. त्याने तुकडा डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने अंगाचा सगळा भार पटाशीवर टाकला. पटाशी लाकडावरून घसरली आणि समोरच्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी गेली. टाके पडले, जखम भरली. पण त्याचा अंगठा पुरता मिटत नाही तो नाहीच.

आमच्या आळीत एक वृद्ध सुतार आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. शाळेचे बाक दुरुस्त करायला ते आले, तेव्हा मी त्यांना ती पटाशी दाखवली. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावर तिरपी टेकवली. धार चांगली असली तर ती नखाला धरते, बोथट असली तर सरकते. ती सरकली. आबा माझ्याकडे पाहत म्हणाले, “गुरुजी, हिची धार तुम्ही काढून घेतलीत. पोराचा जोर कोण काढून घेणार होतं?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्यानंतर कितीएक रविवार मी आबांच्या पडवीत जाऊन बसलो. धारदार पटाशी थोडक्या जोरात लाकडाला धरते, आणि थोडका जोर माणसाच्या ताब्यात राहतो, ही गोष्ट मी तिथे शिकलो. बोथट पटाशी जोर मागत जाते, आणि निसटते तेव्हा तो सगळा जोर घेऊनच निसटते. आबांचा पहिला नियम असा, की दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. पुढे फक्त लाकूड, आणि तेही घट्ट आवळलेले. धार लावताना दगडावर पाणी असावे, पात्याचा उतार आहे तसाच दगडावर बसवावा आणि हात डोलू देऊ नये. घासता घासता पाठीवर केसाएवढी कड उलटते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. मग पाठ दगडावर सपाट धरून ती कड उतरवायची. घाईने विजेच्या चाकावर कोरडेच घासले तर पोलाद निळे पडते, त्याचे पाणी उतरते. मग कितीही घासा, धार टिकत नाही. रंधा टेकवायचा तो कुशीवर, पात्यावर नव्हे. पावसाळ्यात करवतीला तेलाचा बोळा फिरवायचा. हातोड्याचा दांडा किंचित जरी हलला, तरी आधी पाचर मारायची आणि मग काम. हे सारे आबा इतक्या सहजपणे सांगत, की हत्याराची काळजी कुठे संपते आणि माणसाची कुठे सुरू होते, ते कळत नसे.

आणि तरीही आबांच्या उजव्या हाताचे मधले बोट पहिल्या पेरापाशी संपते. हे मी लपवत नाही, आबाही लपवत नाहीत. ते हातहत्याराने गेले नाही. विजेच्या गोल करवतीने गेले. पात्यावरचे झाकण कामात अडते म्हणून त्यांनी ते काढून ठेवले होते. वाळलेल्या लाकडाने पाते आवळले, फळी उसळली आणि हात पुढे गेला. ते म्हणतात, “पटाशी बोथट झाली की हाताला सांगते. यंत्र सांगत नाही. त्याचा जोर त्याच्यापाशी असतो.” आज गावातली पोरे हीच यंत्रे उघड्या पात्यांनी चालवतात, कुणी हातमोजे घालून चालवतो आणि त्यालाच सावधगिरी समजतो. फिरते पाते आधी कापड ओढते आणि कापडामागून हात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

कुणी म्हणेल, मग तुमची भीती काय वाईट होती? तुम्ही पटाश्या बोथट केल्यात, आबांनी झाकण ठेवायला हवे होते, दोन्ही एकच. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. पण झाकण धार राखते आणि हाताला दूर ठेवते. मी मात्र धारच मारली होती. माझी आजी विळी वापरून झाली की पाते मिटवून कोपऱ्यात ठेवी. मुलांपैकी कुणी मागितली तर हातात देत नसे; जमिनीवर ठेवी आणि म्हणे, “आता उचल.” हातोहात दिली की भांडण होते, ही तिची समजूत. समजुतीचे काही का असेना, त्यामुळे एका वेळी एकच हात विळीवर असे. पण मुले घरात आहेत म्हणून तिने विळी बोथट केल्याचे मला आठवत नाही. उलट, बोथट विळीला ती ‘आंधळी’ म्हणे.

मुलाच्या हाती खरे हत्यार द्यावे, हा विचार काही नवा नाही. स्वीडनमध्ये ऑटो सॉलोमन याने 19व्या शतकात लाकूडकामातून शिक्षणाची एक पद्धत बसवली, तिच्यात मुलाच्या हाती पहिले हत्यार दिले जाई ते चाकू! आपल्याकडे 1937 साली वर्ध्याला नयी तालीमचा विचार मांडला गेला, आणि हातांचे काम शाळेच्या मध्यभागी आले. ते तिथे फार काळ राहिले नाही, ही गोष्ट वेगळी. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी जाऊन शिकावे, अशी कल्पना. आमच्या मुलांना आबांकडे पाठवावे असे मी सुचवले, तेव्हा एका मुलीच्या आईने मला विचारले, “गुरुजी, हत्यारं धारेची असतील का हो?” मी “हो” म्हणालो. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला सातवीतल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, दगडावर उभ्या धरलेल्या पटाश्यांसकट. इतक्या वर्षांत मी ती कुणालाच पुरती सांगितली नव्हती. घरीसुद्धा नाही.

आणि ज्याला सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच. तो मुलगा आता कर्तासवरता झाला आहे. या दसऱ्याला तो सोने द्यायला घरी आला. खंडेनवमीला पूजलेली हत्यारे अजून पाटावरच होती. त्यांत ती पटाशीही होती. मी ती तेव्हाच शाळेला नवी आणून देऊन मागून घेतली होती, आणि आबांच्या दगडावर धारेला आणली होती. त्याने ती ओळखली. हसून म्हणाला, “सर, हीच ना ती? माझंच लक्ष नव्हतं हो त्या दिवशी. आई अजून बोलते मला त्यावरून.”

इतकी वर्षे तो बोलणी खात होता!

मी म्हणालो, “तुझं लक्ष होतं. पटाशी बोथट होती. ती मी केली होती, मुद्दाम.”

तो लगेच काही बोलला नाही. सोन्याची पाने त्याने पाटावर ठेवली आणि पटाशी उचलली. डाव्या हाताचा तो न मिटणारा अंगठा पुढे करून त्याने ती नखावर तिरपी टेकवली. ती नखाला धरली. मग त्याने ती खाली ठेवली आणि विचारले, “का केली होती, सर?”

मी त्याला बसायला सांगितले.