सणाचे मूळ आणि सणाचे मोल

ईसा टाउनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर वसईचे एक ख्रिस्ती मराठी कुटुंब राहते. गणपतीत आणि दिवाळीत आमच्याकडचे फराळाचे ताट खाली जाते, नाताळात त्यांचे ताट वर येते. आमच्या ताटात करंज्या असतात, त्यांच्या ताटात नेवऱ्या. नावे दोन असली तरी पदार्थ एकाच घराण्यातला. हा परिपाठ कित्येक वर्षे चालू आहे आणि त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटलेही नव्हते.

एका डिसेंबरात मोबाइलवर एक निरोप आला. 'नाताळ हा मुळात ख्रिस्ताचा सण नव्हेच, ती रोमन लोकांची सूर्यपूजा. झाड, दिवे, भेटी, सगळे उसने,' असा त्याचा मथितार्थ. मी तो हसत हसत जेवताना वाचून दाखवला. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, मग आंटींचा सण खोटा का?" मीही घाईत म्हणून गेलो, "तसंच काहीसं." दुसऱ्या दिवशी रिकामे ताट परत द्यायला गेलेल्या मुलाने हे ज्ञान खाली जाऊन सांगितले! त्या माउलीने रागावण्याऐवजी त्याला जवळ बसवले आणि म्हणाली, "बाळाची जन्मतारीख हरवली, म्हणून बाळ खोटं होतं का रे?"

मुलाने ते वाक्य घरी आणले आणि मी निरुत्तर झालो. ज्या विषयावर आपण एवढ्या सहज मत दिले, तो निदान नीट वाचावा म्हणून पुस्तके उघडली.

निरोपात तथ्य होते, पण अर्धे. येशूचा जन्मदिवस बायबलमध्ये कोठेही दिलेला नाही. 25 डिसेंबरचा सर्वांत जुना उल्लेख रोममधल्या इ. स. 354च्या एका संग्रहात सापडतो आणि त्यातली नोंद 336च्या सुमाराची मानतात. त्याआधी 274मध्ये सम्राट ऑरेलियनने 'अजिंक्य सूर्य' या देवतेची उपासना राज्यमान्य केली होती. रोमन पंचांगात 25 डिसेंबर हाच उत्तरायणाचा पारंपरिक दिवस होता. 17 डिसेंबरपासून चालणाऱ्या सॅटर्नेलिया या उत्सवात लोक एकमेकांना मेणबत्त्या भेट देत आणि मालक गुलामांना मेजवानी देत. उत्तर युरोपात भर हिवाळ्यात 'यूल' हा सण असे. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन याने तो नाताळाच्या दिवशी आणला. आजही तिकडे नाताळाला 'यूल' असेच म्हणतात.

उरलेले अर्धे मात्र निरोपात नव्हते. 25 मार्च हा येशूच्या गर्भधारणेचा दिवस मानून, त्यापुढे नऊ महिने मोजून ही तारीख काढली असावी, असेही काही अभ्यासक मानतात. नाताळाच्या सजवलेल्या झाडाच्या नोंदी तर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मन मुलखातल्या आहेत, म्हणजे ते झाड निरोपात म्हटले तितके प्राचीन नाही. आणि गंमत अशी, की 'मूळ शुद्ध नाही' म्हणून नाताळावर बंदी घालणारे लोक कट्टर ख्रिस्तीच होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659पासून 1681पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

हे वाचून झाल्यावर मनात आले, की हीच फूटपट्टी आपल्या घराला लावून पाहावी. एकादशीला आपण साबूदाण्याची खिचडी करतो. ज्या कंदापासून साबूदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सारी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच ती आपल्याकडे पोचली. ज्ञानेश्वर माउलींच्या काळच्या एकादशीला यातला एकही जिन्नस नव्हता. म्हणून आपल्या आजीचा उपवास खोटा ठरतो का?

मकरसंक्रांत आपण उत्तरायणाचा सण म्हणून साजरी करतो. पण सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला आणि आपण तिळगूळ देतो 14 किंवा 15 जानेवारीला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते, पुढे अयनचलनामुळे अंतर पडत गेले. म्हणजे रोमन लोकांचा 25 डिसेंबर काय आणि आपली संक्रांत काय, सूर्य दोघांच्याही हातून निसटला. तिळगुळाची गोडी मात्र कमी झाली नाही.

वसईचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरला गेलेल्यांनी क्रूस असलेली घंटा पाहिली असेल. पिढ्यानपिढ्या भाविक घंटा वाजवून शंकराला हात जोडतात. तो नमस्कार शंकरालाच पोचतो, याबद्दल कोणाला शंका आहे का?

पण इथे थोडे थांबले पाहिजे. 'मुळाशी काय देणेघेणे?' असे म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. त्या घंटा कोणी प्रेमाने दिलेल्या नव्हत्या, ती युद्धातली लूट होती. त्याच्या आधी, 1560च्या दशकात, पोर्तुगीजांनी गोव्यातली देवळे पाडली होती आणि मंगेशासारखी दैवते नदीपलीकडे न्यावी लागली होती. शेजाऱ्याकडून शिकलेली चाल वेगळी आणि शेजाऱ्याकडून हिसकावलेली वस्तू वेगळी. मुळाचा शोध घ्यावा तो एवढ्यासाठी, की कोणाचे देणे आहे आणि कोणाचे दुःख आहे हे कळावे. दुसऱ्याच्या श्रद्धेला खोटे ठरवण्यासाठी तो शोध घेतला, तर ती विद्या राहत नाही, नुसता खवचटपणा होतो.

याच्या उलटही एक मोह असतो. इथे बहरीनमध्ये मुले खजुराच्या पात्यांच्या छोट्या टोपल्यांत बी पेरतात, त्यांना रोज पाणी घालतात आणि बकरी ईदच्या आदल्या संध्याकाळी गाणे म्हणत त्या समुद्रात सोडतात. त्याला 'हिया बिया' म्हणतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला घटस्थापनेचे कोवळे अंकुर आणि आपले विसर्जन आठवले. "हे तर आपलेच!" असे ओठांवर आले होते. पण साम्य दिसले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. बीज रुजताना पाहण्याचा आनंद आणि जपलेले हातातून सोडताना लागणारी हुरहुर कोणा एका धर्माची नाही. 'तुमचे ते खोटे' आणि 'तुमचे ते आमचेच' ही दोन्ही वाक्ये समोरच्या माणसाचा सण त्याच्या हातून काढून घेतात.

सणाचे मूळ इतिहासात असते, पण त्याचे मोल तो पाळणाऱ्याच्या मनात ठरते. परदेशात आपली मुले रोज दहा धर्मांच्या, वीस भाषांच्या मुलांबरोबर बाकावर बसतात. त्यांना इतिहास जरूर शिकवावा, आणि पूर्ण शिकवावा, आपलाही. सार्वजनिक गणेशोत्सवाला 1893पासून लोकमान्यांनी आजचे रूप दिले, हे ठाऊक असूनही बाप्पाला निरोप देताना आपला गळा दाटतोच ना? तोच दाटलेला गळा शेजाऱ्यालाही असतो, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.

त्या वर्षी मी स्वतः खाली गेलो आणि वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भावोजी, माफी राहू द्या. पुढच्या गणपतीत करंज्या जरा जास्त पाठवा." तेव्हापासून आमच्याकडचे ताट थोडे मोठे झाले आहे.

गणपती बाप्पा मोरया!