गिऱ्हाईक मोजून घेतलेले भाडे

वेबसाइट होस्टिंगचा धंदा आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांत शाळेची, पतसंस्थेची, देवस्थानाची किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट करून देणारा माणूस बहुधा त्या वेबसाइटला लागणारी जागाही स्वतःच पुरवतो. मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घ्यायची, तिचे भाग पाडायचे आणि वर्षाच्या बोलीवर गिऱ्हाइकांना द्यायचे, असा हा व्यवहार. गिऱ्हाईक शे-दोनशेच्या पुढे गेले की कोणाचे डोमेन कधी संपते, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, कोणाला जीएसटीचे बिल हवे, हे वहीत सांभाळणे जमत नाही. तिथे बिलिंग सॉफ्टवेअर लागते. ते बिल काढते, आठवण पाठवते, पैसे जमा होताच सर्व्हरवर खाते उघडते आणि थकले तर बंद करते. होस्टिंगवाल्याचा मुनीम, वसुलीदार आणि किल्लीदार असे तिघे त्यात एकत्र आलेले असतात. गेल्या काही वर्षांत या सॉफ्टवेअरचे दर वारंवार वाढले आहेत आणि त्यावरची तक्रार ‘महाग झाले’ या दोन शब्दांत आटोपली जाते. माझ्या मते खरा आक्षेप वाढीच्या आकड्यावर नाही. आकारणी कशावर करायची ते मापच बदलले गेले, यावर आहे.

या क्षेत्रात ज्याचे नाव आधी घेतले जाते ते डब्ल्यूएचएमसीएस हे इंग्लंडमध्ये तयार झालेले सॉफ्टवेअर. एके काळी त्याचा परवाना एकरकमी विकत मिळे आणि गिऱ्हाईक किती, याची विचारपूस नसे. पुढे एकरकमी विक्री बंद झाली आणि मासिक भाडे चालू गिऱ्हाइकांच्या संख्येवर ठरू लागले : अडीचशेपर्यंत एक दर, पाचशेपर्यंत दुसरा, हजारापर्यंत तिसरा. सर्व्हरवरची खाती सांभाळणाऱ्या सीपॅनल या सॉफ्टवेअरचीही हीच वाट झाली, आणि दोन्ही आज वेबप्रोज या एकाच समूहात आहेत. ओकले कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने २०१७ साली सीपॅनलचा मुख्य प्रतिस्पर्धी प्लेस्क घेतला आणि २०१८ साली सीपॅनलही घेतले. २०१९च्या जूनमध्ये सीपॅनलने नवी दररचना जाहीर केली. त्याआधी स्वतंत्र सर्व्हरसाठी महिना ४५ डॉलर दिले की त्यावर कितीही खाती ठेवता येत. नव्या रचनेत तेच ४५ डॉलर पहिल्या शंभर खात्यांचे झाले आणि पुढच्या प्रत्येक खात्याला वीस सेंट लागले. तीनशे खात्यांच्या सर्व्हरचे भाडे एका निर्णयाने ८५ डॉलरवर गेले, हजार खात्यांचे २२५ डॉलरवर. सर्व्हर तोच होता, सॉफ्टवेअर तेच होते, काम तेच होते.

याच्या शेजारी आपल्या मोंढ्यातल्या आडत दुकानात चालणारे टॅली ठेवून पाहावे. टॅलीही महागले आहे. एका संगणकापुरत्या सिल्व्हर परवान्याची किंमत १८,००० रुपये होती ती २२,५०० झाली, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. सुधारित आवृत्त्यांसाठीचे वार्षिक नूतनीकरणही त्याच प्रमाणात वाढले. तरीही या वाढीने आडत्याची मानगूट धरली जात नाही. कारण परवाना कायमचा असतो. नूतनीकरण केले नाही तर नव्या सोयी मिळत नाहीत, पण असलेला हिशेब उघडतो, जुने बिल निघते, नवी नोंदही होते. आणि दुकानात हळद घेऊन शंभर शेतकरी आले की हजार, यावर परवान्याची किंमत ठरत नाही. विक्रेत्याने अवजाराची किंमत वाढवली आहे, धंद्यातला वाटा मागितलेला नाही. किंमतवाढ आणि वाटा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि होस्टिंगच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिलीच्या नावाखाली दुसरी आली आहे.

वाटा मागणे हे मुळातच चूक, असे मी म्हणत नाही. नाशिकच्या ईएसडीएससारखी कंपनी आपल्या क्लाउड सेवेचे बिल वापराप्रमाणे लावते, कारण वापर वाढला की तिच्या यंत्रांवरचा भार वाढतो, वीज वाढते, साठवण वाढते. बिलिंग सॉफ्टवेअर मात्र होस्टिंगवाल्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालते. त्याची माहिती स्वतःच्या डेटाबेसात असते, वीज आणि जागेचे पैसे तोच भरतो. दोनशे एक्कावन्नावे गिऱ्हाईक आल्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा खर्च जवळपास काहीच वाढत नाही. होस्टिंगवाल्याचा मात्र वाढतो, तोही एकदम. दोन पायऱ्यांत महिन्याला दहाच डॉलरचा फरक धरला तरी वर्षाचे १२० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने दहा हजार रुपयांच्या वर होतात. सेनगाव तालुक्यातली एखादी शाळा वेबसाइटच्या जागेसाठी वर्षाला दोन-अडीच हजार देत असेल, तर त्या पायरीवरून वर चढायला चार-पाच नवी गिऱ्हाइके निव्वळ भाड्यासाठी मिळवावी लागतात. त्यात डॉलर २०१९ साली सत्तर रुपयांच्या आसपास होता आणि २०२४ संपताना पंचाऐंशीला पोचला. दर जागच्या जागी राहिला असता तरी हिंगोलीत तो पाचव्या हिश्शाने वाढलाच असता. परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने जीएसटी भरायचा तो निराळा. आणि होस्टिंगवाल्याची जमा रुपयांत, वर्षातून एकदा येते, तर खर्च दरमहा डॉलरमध्ये जातो. मध्येच झालेली वाढ पुढच्या नूतनीकरणापर्यंत त्याला स्वतःच्या खिशातून सोसावी लागते.

धंद्यातल्या उलाढालीवर घेतला जाणारा आकार मराठवाड्याला नवा नाही. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची बीट होते, काटा होतो, हिशोबपट्टी निघते आणि बाजार समिती विक्रीच्या रकमेवर शेकडा रुपयाच्या आसपास बाजार फी घेते. माल जास्त विकला गेला तर फी जास्त. पण हा अधिकार समितीला १९६३च्या पणन कायद्याने मिळाला आणि त्याबरोबर बंधनेही आली. दराला नियमांची चौकट आहे, संचालक मंडळ निवडून यावे लागते, त्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर आडते-व्यापाऱ्यांचे आणि हमाल-मापाड्यांचे प्रतिनिधी बसतात. या समित्यांचा कारभार निर्दोष आहे, असे त्यांचे समर्थकही म्हणणार नाहीत. पण कोणी किती घ्यायचे हा तिथे जाहीर वादाचा विषय असतो. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, चर्चा झाल्या, निर्णयाची बाजू उघडपणे मांडावी लागली. दुसऱ्याच्या उलाढालीवर आकार बसवणाऱ्याला उत्तरदायी असावे लागते, हे तत्त्व आपण शेतमालासाठी साठ वर्षांपूर्वी मान्य केले आहे. गिऱ्हाईक मोजून भाडे घेणारे सॉफ्टवेअर त्याच जातीचा आकार घेते आणि दर वाढवण्यासाठी त्याला एक ईमेल पुरतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : माल त्यांचा, भाव त्यांचा. शिवाय सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवायला सतत खर्च येतो. हा दुसरा भाग मी पूर्ण मान्य करतो. २०१२च्या मे महिन्यात डब्ल्यूएचएमसीएसच्या स्वतःच्या सर्व्हरवर हल्ला होऊन तिच्या ग्राहकांची माहिती बाहेर फुटली आणि २०१३ साली त्याच सॉफ्टवेअरमधले गंभीर छिद्र जाहीर झाले. ज्या प्रणालीत हजारो लोकांची नावे, पत्ते आणि व्यवहार आहेत, ती सांभाळायला चांगली माणसे लागतात आणि त्यांना चांगला पगार द्यावा लागतो. जुने दर त्या मानाने कमी होते, हेही खरे असू शकते. पण सुरक्षेचा खर्च हा सॉफ्टवेअरच्या आकाराचा आणि गुंतागुंतीचा खर्च आहे. तो सगळ्या परवान्यांवर वाटता येतो. गिऱ्हाईकसंख्येची पायरी लावायला ते कारण होत नाही. मोठ्यांनी जास्त आणि लहानांनी कमी द्यावे यासाठी पायऱ्या आहेत, असेही सांगितले जाते. लहानांना खालची पायरी स्वस्त ठेवली असती तर त्यात तथ्य होते. पण तळाचा दरही वर सरकत राहिला, तर हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा आक्षेप : परवडत नसेल तर सोडून जा, बाजारात पर्याय आहेत. पर्याय आहेत हे खरे. ब्लेस्टा आहे, होस्टबिल आहे आणि बॉक्सबिलिंगमधून पुढे निघालेले फॉसबिलिंग हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण सोडणे म्हणजे काय ते पाहायला हवे. गिऱ्हाइकांची यादी आणि बिले डेटाबेसातून काढता येतात. पैसे आपोआप वळते करण्यासाठी गिऱ्हाइकांनी दिलेली संमती बहुधा नव्याने मागावी लागते, आणि एकदा दिलेली संमती पुन्हा मागितली की काही गिऱ्हाईक गळतेच. पेमेंट गेटवेची, डोमेन नोंदणीची, केंद्र-राज्य जीएसटी वेगळा दाखवणारी जोडणी नव्याने बसवावी लागते. बिलांचा अनुक्रमांक आर्थिक वर्षात सलग हवा, असे जीएसटीचा नियम ४६ सांगतो, म्हणून मध्येच प्रणाली बदलणे जिकिरीचे होते. आणि सर्वांत मोठी अडचण कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे. भाड्याचा परवाना थांबला की प्रणालीचे दार बंद होते, आणि ती सांकेतिक रूपात बंदिस्त असल्याने उघडून दुरुस्तही करता येत नाही. ज्याने वेळीच बिलांच्या प्रती वेगळ्या काढून ठेवल्या नाहीत, तो मागच्या सहा वर्षांच्या कागदांसाठी पुढच्या महिन्याचे भाडे भरत राहतो. बाहेर पडण्याचा रस्ता आहे, पण त्यावरचा नाका विक्रेत्याच्या ताब्यात आहे.

मग देशी कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे, असा सल्ला लगेच येतो. त्यावर माझा फारसा भरवसा नाही. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या डायरेक्टीने रिसेलरक्लबच्या रूपाने लहान होस्टिंगवाल्यांना डोमेन, जागा आणि बिलिंग एकाच ठिकाणी दिले आणि भारतातल्या अनेक लहान गावांतला हा धंदा त्यावर उभा राहिला. २०१४ साली तो व्यवसाय अमेरिकेच्या एंड्युरन्स समूहाकडे गेला. २०२१ साली एंड्युरन्स एका गुंतवणूक संस्थेने घेतली आणि ती न्यूफोल्ड डिजिटल झाली. मालक बदलण्याची मुभा प्रत्येक कंपनीला असते आणि असायलाही हवी. म्हणून विक्रेत्याच्या गावापेक्षा कराराच्या अटी महत्त्वाच्या. वर्षभराची आगाऊ सूचना, भरलेल्या मुदतीत दर न बदलण्याची हमी, परवाना संपल्यावरही जुनी बिले वाचता येण्याची सोय, आणि सगळी माहिती सर्वसाधारण स्वरूपात बाहेर काढण्याचा हक्क : या चार गोष्टी ज्या करारात आहेत, त्यातली दरवाढ मी किंमतवाढ म्हणून स्वीकारीन. प्रबळ स्थानावरून अन्यायकारक किंमत लादणे २००२च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये बसते. पण वेबसाइटचा लहान धंदा करणाऱ्याने दिल्लीला जाऊन परदेशी समूहाविरुद्ध दाद मागावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात होस्टिंगवाले ते किती, त्यांच्यासाठी एवढा विचार कशाला, हा आक्षेप मला सगळ्यांत वरवरचा वाटतो. कारण हीच रचना आता गावच्या सोसायटीपर्यंत आली आहे. केंद्र सरकारने २०२२च्या जूनमध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये, मुदत पाच वर्षे. त्यासाठीचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर नाबार्डच्या देखरेखीखाली आले. परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या छत्राखाली हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या सेवा सोसायट्या आहेत, त्यांच्या गटसचिवाची खतावणी संगणकात जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. पीककर्जाची नोंद स्वच्छ राहील, हिशेब वेळेवर तपासला जाईल. पण प्रकल्पाचा पैसा संपल्यावर देखभालीचे भाडे कोण भरणार, ते संस्थेमागे असेल की सभासदामागे, आणि संस्थेने वेगळी प्रणाली निवडली तर तिच्या सभासदांचे खाते-उतारे कोणत्या स्वरूपात तिच्या हाती येतील, हे आत्ताच लेखी ठरले पाहिजे. होस्टिंगवाल्यांनी ते आधी ठरवले नाही, कारण सुरुवातीला दर कमी होता आणि विचारायची गरज भासली नाही.

होस्टिंगवाल्यांना स्वतःलाही हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. फॉसबिलिंगसारखे मुक्त सॉफ्टवेअर फुकट चालते, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. त्याची सुरक्षा, अद्ययावत ठेवणे, जीएसटीचे बिल आणि पेमेंट गेटवेची जोडणी हे काम कोणालातरी करावे लागते, आणि एकट्याला ते डब्ल्यूएचएमसीएसच्या भाड्यापेक्षाही महाग पडू शकते. दहा जणांनी मिळून एक जाणकार ठेवला तर मात्र हिशेब बदलतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्ती संस्था नोंदवू शकतात. हिंगोली, परभणी आणि नांदेड मिळून असे दहा जण निघणे अवघड नाही. एकदा तयार झालेली जीएसटीची जोडणी दहाही जणांना चालेल, आणि त्यात सुधारणा झाली तर ती सर्वांची होईल. बदल करायचाच तर तो १ एप्रिलला करावा. त्या दिवशी बिलांचा अनुक्रमांक नव्याने सुरू करता येतो आणि जुन्या वर्षाची बिले पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवता येतात. ही तयारी डिसेंबरातच सुरू करावी लागते, कारण गेटवेची मंजुरी आणि गिऱ्हाइकांच्या नव्या संमती यांनाच बराच वेळ जातो.