कामगाराला आधी सांगा

जबलपूरच्या राइट टाउनमधली टेलिकॉम फॅक्टरी इथल्या जुन्या मंडळींना वेगळी सांगायला नको. तार-टेलिफोनच्या लाइनींना लागणारं सामान तिथे तयार व्हायचं. घरोघरी मोबाइल आला आणि त्या सामानाची मागणी आटली. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. हिशेब लिहिणारे, टायपिंग करणारे, फोनवर ग्राहकांशी बोलणारे धास्तावले आहेत. त्यांना नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणं मला तरी पोकळ वाटतं. माणसाला बदलापेक्षा अंधारात ठेवलं जाण्याची भीती जास्त असते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने हे ओळखलं होतं: कामगारकपात होईल अशी नवी यंत्रपद्धत आणायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची. पण नोटीस ही फार तर सुरुवात. नवं काम शिकवायचं ते कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून. पन्नाशीतल्या माणसाला तर जरा जास्तच सवड द्यायला हवी. आणि यंत्र कुठे चुकतं, हे वर्षानुवर्षं ते काम केलेल्यालाच आधी कळतं. त्याला विचारा तरी!

दुकान, दवाखाना, कचेरी चालवणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. नवी प्रणाली विकत घेण्याआधी आपल्या माणसांना समोर बसवा, आणि कोणाचं काम कसं बदलणार ते आजच स्पष्ट सांगा.