रीत कुणाची?

पहिल्यांदाच गळ घेऊन मुंबईतल्या एका धक्क्यावर गेलो. रविवार. कठड्याला हातहातभर अंतरावर माणूस. मिळेल त्या फटीत घुसलो आणि गळ भिरकावला. ओहोटीच्या ओढीनं माझी दोरी शेजारच्या तिघांच्या दोऱ्यांत गुंतली.

"ओ, इकडची रीत ठाव हाय का?" एक म्हातारा ओरडला.

'रीत' ऐकलं नि डोकं सणकलं. रीत सांगूनच आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हुसकलं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो, तेव्हाही समोरच्यांनी वहिवाटच पुढं केली. अनादि काळची म्हणून सांगितलेली ती वहिवाट सिद्ध झाली नाही, असं हायकोर्टानं १९३७ साली सुनावलं.

मी तोंड उघडणार, तोवर म्हातारा गुंता सोडवत बसलेला. माझी दोरी त्यानं कापली नाही. म्हणाला, "टाकायच्या आधी मागं बघ, गळ कुणाच्या डोळ्यात जाईल. सरळ टाक. कुणाला मोठा मासा लागला की आपली दोरी ओढून घे." पुढं माझ्या गळाला शिंगाळा लागला, तेव्हा पहिली दोरी त्यानंच ओढली.

नंतर एक गडी आला. "ऊठ, ही जागा आमची." का, ते सांगेना. मी उठलो नाही.

जिचं कारण विचारता येतं आणि जी सांगणाऱ्यालाही बांधते, तीच रीत. म्हाताऱ्याची मानायची, गड्याची मोडायची. पण रागाच्या भरात मला दोन्ही एकच दिसल्या असत्या. म्हणून आधी विचारावं: का? आणि तुलाही का?