चालतें तें शुद्ध काय?

घरच्या माणसाशीं आपण निम्मेंच बोलतों. उरलेलें तो समजून घेतो. दारीं पाहुणा आला म्हणजे मात्र आपलें बोलणें किती अपुरें होतें हें ध्यानांत येतें. संगणकाच्या क्षेत्रांतील अशाच एका प्रसंगांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

१९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. यंत्र व इतर सर्व आज्ञावली यांच्यामधला हा कारभारी होय. त्या लेखनाचें यंत्रभाषेंत रूपांतर करण्याचें काम पुष्कळ वर्षें मुख्यतः जीसीसी या एकाच कंपायलरकडे होतें. पुढें क्लँग हा दुसरा आला, आणि पहिल्यानें दिलेल्या कांहीं सवलती त्यानें साफ नाकारल्या. रचनेच्या पोटांत आयत्या वेळीं लांबी ठरणारी मालिका ठेवलेली जीसीसी चालवून घेई. सी भाषेच्या प्रमाण नियमांत तें बसत नाहीं, म्हणून क्लँग तें घेईना.

जुन्या जाणत्यांनीं विचारावें, चालत्या गाड्याला खीळ कां घालावी? हा आक्षेप पोकळ नाहीं. दुरुस्तींतूनहि नवे दोष शिरतात. परंतु २००९ सालचें उदाहरण पाहावें. गाभ्याच्या एका भागांत स्मृतींतला पत्ता आधीं वापरून मग तो रिकामा आहे कीं काय, हें तपासलें होतें. ज्याअर्थीं वापरला त्याअर्थीं तो रिकामा नसणारच, असा तर्क करून कंपायलरनें ती तपासणीच गाळली, आणि घुसखोरीस वाट मिळाली. हा कंपायलर परका क्लँग नव्हे, घरचा जीसीसीच होता! समजून घेणाऱ्यानें समजून घेण्याचें वचन कधींच दिलेलें नव्हतें.

तेव्हां पाहुण्यानें दोष निर्माण केले नाहींत. दडलेले उघडे केले. आयत्या वेळीं लांबी ठरणाऱ्या मालिका २०१८ अखेर गाभ्यांतून काढल्या गेल्या, आणि त्यांत सुरक्षिततेचाहि लाभ झाला. मात्र सर्वच ठिकाणीं गाभ्यानें माघार घेतली असें नाहीं. यंत्रभाषेच्या तुकड्यांतून थेट दुसऱ्या ठिकाणीं उडी घेण्याची सोय गाभ्यास खरोखरच हवी होती. ती २०१९ सालीं क्लँगनें आपल्या नवव्या आवृत्तींत स्वीकारली.

यावरून आम्हांस इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, आजवर निभावलें हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. तो बहुधा दुसऱ्याच्या सौजन्याचा पुरावा असतो. अनोळखी माणसासहि कळेल असें बोलणें, आणि खरी गरज कोणती व निव्वळ संवय कोणती हें प्रामाणिकपणें निवडणें, हें कष्टाचें असलें तरी कर्तव्यच आहे.